निष्ठेचं इंजेक्शन

जुन्या ठेकेदाराचा ठेका गेला आणि सकाळीच इस्पितळातल्या सगळ्या मावशींना उतारा टोचून त्यानं टोचलेली निष्ठा अंगातून उतरवण्यात आली. वैजयंतामावशीचा जीव आधी हलका झाला, मग तिला सणसणीत राग आला. इतकी वर्षं वॉर्डात राबताना असा राग कधी आलाच नव्हता.

नव्या ठेकेदाराचा सुपरवायझर तांबोळी सुई भरून उभा होता.

"बाही वर करा, मावशी. आता तुम्ही आमच्या. नोकरी मात्र आजपासून नवी धरणार."

"नवी कशी? पाळी बदलताना आम्ही वॉर्ड ताब्यात घेतो, तेव्हा आधीच्या बाईचं अर्धवट राहिलेलंही अंगावर घेतो. पाळी बदलली म्हणून पेशंटला कुणी नव्यानं भरती करत नाही. तुम्ही ठेका घेतलात ना? मग आमची मागची वर्षंही घ्या. तसं लिहून द्या."

मागे रांगेतल्या बायांनी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या.

तांबोळी समजुतीनं हसला. "चिडू नका हो. हे टोचलं की सगळा राग जाईल."

"ठाऊक आहे," मावशी म्हणाली. "म्हणून तर आधी सही करा."