लहान तुकडा

सयाजीच्या फिश टँकमधलं कोरल, म्हणजे प्रवाळ, फुललं की कंपनीतली पोरं निघोज्याला त्याच्या घरी ते बघायला जायची. रणजीतचा टँक त्याच्याहून मोठा आणि महाग, पण तिकडे कुणी फिरकत नसे. एकदा सयाजीने आपणहून त्या कोरलचा एक तुकडा कापून रणजीतला दिला. नखाएवढा.

"लहान तुकडा नव्या पाण्यात लवकर रुळतो, भावा."

ह्याला म्हणतात दानत, रणजीत मनात चरफडला. तरी घरी येऊन त्याने पिशवी टँकमध्ये तरंगत ठेवली, टँकचं खारं पाणी थेंबथेंब तिच्यात सोडलं, वरचा दिवा मंद ठेवला. वर्षभरात तुकड्याचं तळहाताएवढं झाड झालं. त्याचे फोटो रणजीत रोज स्टेटसला टाकायचा. सयाजीचं नाव मात्र त्याने एकदाही टाकलं नाही.

मग सयाजी लग्नाला गावी गेला आणि इकडे निघोज्यात दोन दिवस लाइट नव्हती. पंप बंद पडला, टँकमधलं सगळं मेलं. परत आल्यावर तो रिकामी पिशवी घेऊन रणजीतच्या दारात उभा राहिला.

"एक तुकडा दे, राव. तुझ्याकडे तरी जगलंय."

रणजीतने कात्री पाण्यात घातली. जाड फांद्या ओलांडत ती सगळ्यात बारक्या फांदीवर येऊन थांबली.

"लहान तुकडा नव्या पाण्यात लवकर रुळतो," तो मान वर न करता म्हणाला.

सयाजीचा चेहरा उजळला. "माझं बोलणं इतकं लक्षात ठेवलंस?"