यानातली आत्या

"ढकललं नाही, तर मग काय केलं?" वकीलबाईंनी चष्मा काढून बाकावर आपटला. "सगळं घर तिच्याकडे बघत बसलं होतं. यालाच ढकलणं म्हणतात."

शाळेच्या चित्रकला वर्गात, मुलांच्या बुटक्या बाकांमध्ये गुडघे कसेबसे कोंबून लेखक मंडळ बसलं होतं. जिच्या कथेवरून हा गदारोळ चालला होता, ती परग्रहवाली कोपऱ्यात मुकाट बसली होती. मुकाट बसणं काही तिच्या स्वभावात नव्हतं. मंडळाचा नियमच तसा होता. वाचून झालं की वाचणाऱ्यानं तोंडाला कुलूप लावायचं. बाकीच्यांनी कथेची कितीही चिरफाड केली तरी हूं की चूं करायचं नाही. सगळ्यांचं बोलून संपलं की मग त्याला उत्तर द्यायची मुभा.

परग्रहवाली हे नावही मंडळानंच अलीकडे ठेवलेलं. दिवसभर ती फ्रिज आणि एसी दुरुस्तीच्या दुकानात पाना घेऊन बसायची आणि घरी आली की तरंगत्या शहरांच्या, बोलक्या समुद्रांच्या गोष्टी लिहायची. "आज कुठल्या ग्रहावरची स्वारी?" असं विचारल्याशिवाय कुणाला चैन पडत नसे. ती सगळ्यांबरोबर हसायची आणि आतल्या आत धुमसायची.

आज हसण्यावारी नेऊन भागणार नव्हतं. मंडळाच्या वार्षिक संग्रहात नव्या लेखकासाठी एकच जागा असायची. संग्रह काढायचे सर. त्यांनी उभा जन्म प्रकाशनाच्या धंद्यात काढलेला. सरांच्या संग्रहात आलेल्या माणसाला प्रकाशक निदान बसायला खुर्ची तरी देत. हिची कादंबरी प्रत्येक दारावरून न उघडताच परत आली होती. आजची जागा हुकली, तर ती कपाटातच पिवळी पडणार होती.

कथा तशी सरळ होती. एक यान पिढ्यान्‌पिढ्या अंतराळातून चाललेलं. आत हवा मोजकी. ज्या घरात मूल जन्माला येणार, त्या घरातल्या एकानं यानाबाहेर जायचं, हा तिथला कायदा. एका घरात धाकट्या सुनेला दिवस जातात. कुणी जायचं, यावर घरात कधीच बोलणं होत नाही. फक्त आजी आपल्या बिनलग्नाच्या लेकीला, म्हणजे आत्याला, हात सैल सोडून वाढू लागते. थोरला भाऊ तिच्याशी एकाएकी गोड बोलू लागतो. एका सकाळी आत्या केस विंचरते, भाचरांचे गालगुच्चे घेते आणि दारापाशी जाऊन उभी राहते.

"आजोबांनी जायला हवं होतं. त्यांचं सगळं भोगून झालं होतं," बँकेतले कॅशियर म्हणाले. एरवी ते मंडळात डुलक्या काढत.

वकीलबाईंना ते मुळीच मान्य नव्हतं. ज्याला मूल हवं त्यानंच जावं, धाकट्यानं. मग बाळाला बाप नको का, असं कॅशियरनी विचारलं. आत्या होती की सांभाळायला, असं वकीलबाईंनी सुनावलं. आजीचं नाव निघालं तेव्हा कॅशियर ताडकन उठले. आजीला बोल लावायचा नाही, वाढताना तिला लेकीच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, असं त्यांनी बजावलं. आवाज इतके चढले की शिपाई दारातून डोकावून गेला. असं यान कुठंच नाही, याचा सगळ्यांनाच विसर पडला होता.

"आत्याला एकानं तरी विचारलं का?" वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

मग सरांनी हात वर केला. 

सरांनी तोंड भरून कौतुक केलं. लेखणीत दम आहे म्हणाले, माणसं जिवंत आहेत म्हणाले. पण इतक्या खऱ्या माणसांना आभाळात टांगून ठेवायची काय गरज? हवा, यान, दार, ही सगळी पोरांची खेळणी. ती काढून टाकायची. एखादं साधं, दोन खोल्यांचं घर घ्यायचं आणि याच आत्याची गोष्ट तिथं सांगायची. काळजाला जास्त भिडेल. एवढं केलं, की जागा तुमची.

सगळ्यांच्या माना डोलल्या. वकीलबाईंचीही डोलली.

आता बोलायची पाळी तिची होती. नुसतं हो म्हणायचं होतं. कपाटातली कादंबरी तिच्या डोळ्यांपुढे आली. ती बाकातून उठली. कागद गोळा करून पिशवीत भरले.

"यान काढून टाकणार नाही, सर. जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

सर थक्क झाले. "अहो, हट्ट कसला करताय? साध्या घरात एकदा लिहून तर बघा."

"बघितलंय. गेल्या वर्षी याच बाकावर बसून वाचलंही. दोन खोल्यांचं घर होतं, बाळ येणार होतं, आणि माणसं हीच होती. 'घरगुती आहे, छान आहे' म्हणून तुम्ही सगळे चहाला उठलात, आणि आत्याला कुठं घालवलं, हे एकानंही विचारलं नाही."