गल्लीनं गाडी अडवली

"थांबायचं नाही, अंकुश. हॉर्न वाजवत राहा," माया ड्रायव्हरला म्हणाली.

सकाळी कोराडीच्या वीजकेंद्रापलीकडे अणुबॉम्ब पडला, वीज गेली आणि शहराचे नळ कोरडे पडले. वाऱ्यानं विषारी धूळ दुसरीकडे नेली, एवढीच काय ती मेहेरबानी. आगी मात्र जागोजागी लागल्या होत्या. मायाच्या बंबात जेमतेम पाव टाकी पाणी उरलं होतं आणि हुडकेश्वरच्या टोकाला एक प्रसूतिगृह पेटलं होतं. बाळंतिणी वरच्या मजल्यावर अडकल्या होत्या. एवढ्या पाण्यात ते विझणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी जायचं होतं.

वाटेत तिचीच गल्ली होती. सकाळपासून बंब तिथून जात-येत होता, गल्लीतून धूर निघत होता आणि माया मन घट्ट करून दुसरीकडे बघत होती. घरात सासू एकटी. ड्यूटीवर निघताना प्रेमिलाबाईंनी नेहमीसारखं तोंड सोडलं होतं, "पहिले घरच्या कुलरमंदी पाणी टाक, मंग गावाची आग विझव!" माया बूट चढवून तशीच निघून आली होती. तेच शेवटचं बोलणं ठरलं तर?

गल्लीच्या तोंडाशी अंकुशनं करकचून ब्रेक दाबला. रस्त्यावर सोफे, बाकडी, हातगाड्या आडव्या घातल्या होत्या. तोंडाला ओली फडकी बांधलेली माणसं बंबाभोवती गोळा झाली. सगळ्यांत पुढे, काजळलेल्या साडीत, दोन्ही हात पसरून प्रेमिलाबाई उभ्या होत्या. जिवंत! मायाला रडूच फुटलं असतं. ते गिळून तिनं खाली उडी मारली.

"आई, हात जोडते, रस्ता सोडा. आपलं घर जळू द्या. हे पाणी बाळंतिणींचं आहे."

"घर काहून जळन वं? आमच्या आगी आम्ही कवाच्याच विझवल्या," सासूबाई खेकसल्या. "सकाळपासून पाहून राहिलो, तू थांबतच नाही. म्हणून रस्ता अडवला."

त्यांनी हातगाडीवरची ताडपत्री ओढली. खाली काठोकाठ भरलेले ड्रम होते.

"उघड तुह्या टाकीचं झाकण. अख्ख्या वस्तीचे कुलर उपसून आणले. आपला तू गेल्यावर मीच भरला होता."