सात विरुद्ध सहा

ताईने हात वर केला, तो केंद्र बंद करण्याच्या बाजूने. सात विरुद्ध सहा. अध्यक्षांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं आणि मंडळी चहाकडे वळली.

मागच्या बाकावर बसलेल्या नर्सला आधी वाटलं, ताईने चुकून हात वर केला असेल. सख्खी थोरली बहीण, दर रविवारी जिच्याकडे जेवायला जायचं, ती असं कशी करेल?

केंद्र नर्सचंच होतं, चार वर्षं तिने जिवापाड सांभाळलेलं. नशा करणाऱ्यांनी वापरलेली सुई आणून द्यायची आणि नवी न्यायची. एकाची सुई दुसऱ्याच्या अंगात जायला नको, एवढंच. वस्तीतली एचआयव्हीची नवी लागण निम्म्यावर आली होती. तरी नशेचे लाड करते म्हणून नावं ठेवणारे होतेच.

ताई नगरसेविका. मत केंद्राच्याच बाजूने देईन, पण येणाऱ्यांची नावं फुटत नाहीत एवढी खात्री दे, असं म्हणून ती मागच्या आठवड्यात केंद्रावर आली होती. आल्या आल्या तिचं नेहमीचं पालुपद सुरू झालं, की पोरगा दिवसेंदिवस वाळत चाललाय. नोकरीचा ताण असेल, अशी नर्सने समजूत घातली आणि मोठ्या हौसेने रजिस्टर पुढे ठेवलं. नाव कुणाचंच नाही. आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं, पुढे स्वतःची जन्मतारीख आणि शेवटी सुई देणाऱ्याची सही. पोलिसांच्या बापालाही पत्ता लागायचा नाही, असं ती हसत म्हणाली.

ताईने बराच वेळ पानं चाळली. मग काम आहे म्हणून उठून गेली.

आता नर्सने तिला जिन्यातच गाठलं.

"केसाने गळा कापलास, ताई. उद्यापासून ही पोरं उकिरड्यातल्या सुया उचलतील. मरतील त्यातली काही."

"माहीत आहे."

"मग कुणी दबाव आणला? पक्षाने?"

ताईने नकारार्थी मान हलवली. खालून कुणीतरी तिला हाक मारली, पण तिने तिकडे पाहिलं नाही.

"माझ्या नावाची दोन अक्षरं," ती म्हणाली, "पुढे माझ्या मुलाची जन्मतारीख. अकरा महिने, दर मंगळवारी. आणि प्रत्येक ओळीपुढे सही तुझी."