टेप लावलेलं बटण

दादाने कॉम्प्युटर अपडेट केला आणि नजर गेलेल्या बाबांना पेपर वाचून दाखवणारं प्लगइन मुकं झालं. खापर दादावर फुटलं. धाकटीला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं. तिने परवानग्या तपासल्या, प्लगइन काढून पुन्हा टाकलं. सगळं ठणठणीत. म्हणजे घरातलंच कुणीतरी ते बंद करत होतं. आई? पण आठवडाभर चष्मा पुसत, बातम्यांशी भांडत तीच तर बाबांजवळ बसून पेपर वाचत होती. कीबोर्डवरचं प्लगइन चालू-बंद करायचं बटण बाबांच्या हाताला कळावं म्हणून धाकटीनेच त्यावर टेप चिकटवली होती. तिने ते दाबलं. “आजच्या ठळक...” आवाज फुटला, तोच बाबांचं बोट अचूक टेपवर पडलं. “बघ, असंच करतं,” बाबा म्हणाले. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, “झालं का दुरुस्त?” बोट टेपवरच होतं. “नाही गं आई, दादानेच घोळ घातलाय. चष्मा आण.”