भीतीचा सीन

बॉक्सिंगवरच्या आमच्या सिनेमाचं शूटिंग आळे गावात, उसाच्या कडेला चाललं होतं. हिरो गावातलाच, गोकुळ, अंगानं पहाड. समोरच्यानं ठोसा उगारला की त्यानं घाबरायचं होतं, पण भीती काही चेहऱ्यावर येईना. मी वैतागलो, "समोर बिबट्या आलाय असं समज!"

पुढच्या टेकला त्याचे ओठ पांढरे पडले. दोन्ही हात डोक्यावर धरून तो मटकन खाली बसला. कट म्हटलं तरी उठेना. नजर माझ्या मागं, उसाकडं. बघ्यांनी पोरं कडेवर उचलली, कुणीतरी बिबट्याला हुसकवायला फटाके लावले. मला मागं वळायची हिंमत होईना.

"बिबट्या कुठंय?" मी कसंबसं विचारलं.



"बिबट्या न्हाई, सर... आमचं वडील आल्यात शूटिंग बघाया."