वेंडेलचं पाणी

वाळवंटात परतीचं पाणी प्रत्येकानं नाव घालून खडकाआड ठेवायचं आणि दुसऱ्यानं त्याला शिवायचं नाही, हा रिवाज व्हर्नाला तोंडपाठ होता. पण ओझं नको म्हणून स्वतःचं पाणी तिनं गाडीतच ठेवलं होतं. शेवटी परतताना तहान अनावर झाली, तेव्हा खडकाआडची कुणा वेंडेलची अर्धी बाटली तिनं पिऊन टाकली.

गाडीपाशी नवरा थांबला होता. "कमाल आहे बाई! एवढ्या उन्हातून आलीस नि तहान नाही?" म्हणत त्यानं तिचीच सीलबंद बाटली पुढे केली.

बाटलीवर काळ्या शाईत नाव होतं, वेंडेल.

"हा कोण गं?"

"मला काय ठाऊक!"

तोच बंद बाटलीतलं पाणी घोटभर खाली उतरलं. मग आणखी एक घोट.

पाणी अर्ध्यावर आलं. झाली फिट्टंफाट, व्हर्नानं मनाशी म्हटलं.

पाणी उतरतच राहिलं, आणि तिच्या घशाला कोरड पडत गेली.